हिरव्या जॅकच्या आत

"हलू नकोस!" चित्रकार पुन्हा ओरडला. "एक पानसुद्धा हलता कामा नये."

रूबेन होड डोक्यापासून घोट्यापर्यंत वेताच्या सांगाड्यात कोंडलेला होता. बाहेरून आयव्हीचे वेल आणि पांढऱ्या फुलांच्या काटेरी डहाळ्या गच्च बांधलेल्या. दोऱ्या पाठीमागून आवळलेल्या. दुसऱ्या कुणी सोडवल्याशिवाय सुटका नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी फॅव्हरशॅमचे धुराडी झाडणारे लोक हा पानाफुलांचा सांगाडा, म्हणजे हिरवा जॅक, गावभर नाचवत. आत शिरायचा मान म्हाताऱ्या ईनॉक पिल्बीमचा. पण आज सकाळीच त्याचा पाय मुरगळला.

"तू शीर आत," तो रूबेनला म्हणाला होता. "आणि कुणाला कळू देऊ नकोस. हसतील लेकाचे मला."

होणाऱ्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? येत्या रविवारी त्याच्या मुलीशी, थर्झाशी, रूबेनचं लग्न होतं.

आणि आता लंडनहून आलेला हा चित्रकार जॅकला खानावळीच्या कोपऱ्याशी उभं करून कागदावर उतरवत बसला होता. घाम डोळ्यांत उतरत होता. पुसायला हात वर येत नव्हता.

मागच्या बाजूला पानं सळसळली.

"बाबा," थर्झा कुजबुजली. "बोलू नका, तो ओरडेल. नुसतं ऐका. तोंडावर सांगायची हिंमत नाही माझी."

रूबेनने पानांच्या फटीतून पाहिलं. चित्रकाराची नजर त्याच्यावरच होती.

"मी लंडनला मावशीकडे चाललेय. भरती लागलीय, होडी आत्ता सुटेल. रूबेन वाईट नाही हो. चांगला आहे, हेच तर. सगळे चांगला चांगला म्हणत राहिले आणि मी मान हलवत गेले. पण त्याच्या घराचा विचार आला की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. तुम्ही शब्द दिलाय, ठाऊक आहे मला. तुम्ही नको म्हणालात तर राहीन. मुकाट्यानं लग्न करीन. फक्त एकदा अंग हलवा. मी समजेन."

खांदा जरासा झटकला की झालं. थर्झा त्याची होती. त्यांच्या दोन खोल्यांना त्याने स्वतः चुना दिला होता. खिडकी तेवढी राहिली होती.

सांगाडा हलेल या भीतीने त्याने वेताच्या काड्या दोन्ही मुठींत घट्ट धरल्या आणि श्वास रोखला.

ती बराच वेळ थांबली. मग पानांवर तिचं कपाळ टेकल्याचं त्याला जाणवलं.

"देव तुमचं भलं करो, बाबा."

पावलं खाडीकडे धावत गेली.

दुपार कलल्यावर खानावळीच्या अंगणात दोऱ्या सुटल्या. रूबेनला धड उभं राहता येईना. तेवढ्यात ईनॉक लंगडत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थर्झा होडीत बसून गेली म्हणे! माझी पोर, आणि मला न सांगता?"

"सांगून गेली, काका," रूबेन म्हणाला. "तुम्हीच जाऊ दिलंत तिला."