पावाची टोपली

टोपली नको, असं तिने वेटरला दोनदा बजावलं होतं. तरी टोपली आलीच. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले गरम पाव. वेटर ठेवून वळतो न वळतो तोच कंडक्टरसाहेबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, हात पुढे झाला.

तिने टोपली आपल्याकडे ओढली. डाव्या हाताने, कारण उजवा मनगटापर्यंत पट्टीत होता. काल भाताचं पातेलं उतरवताना उकळतं पाणी सांडलं होतं, म्हणून तर नवऱ्याला घेऊन बाहेर जेवायची वेळ आली. पहिल्या हॉटेलच्या मालकाने लांबूनच हात जोडले. दुसऱ्यातला स्वयंपाकी नुसता हसला. या तिसऱ्या ठिकाणी कोरा भात आणि वाफवलेला मासा, पिठाचा कणही न लागता मिळेल, असं कबूल करून घेऊन मग ती बसली होती. दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं.

"ए बाई, दे इकडे," कंडक्टरसाहेब म्हणाले.

"अहो, तुम्हाला गहू चालत नाही. भात येतोय आता."

"कोण म्हणतं चालत नाही?"

"डॉक्टर म्हणतात."

"कुठला डॉक्टर?"

आतड्याचं दुखणं जुनं होतं, विसर मात्र नवा. घरात ती गव्हाचा दाणा येऊ देत नसे, त्यामुळे घरी भांडण नव्हतं. तिने स्वतःही पाव खाल्ल्याला वर्षं लोटली होती. त्या वासाने तिच्याच तोंडाला पाणी सुटलं, याचा तिला राग आला.

"ही बाई मला उपाशी ठेवते," कंडक्टरसाहेबांनी जाहीर केलं. जन्मभर बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज तो. स्वतःच्या घराचा पत्ता गेला, तरी आवाज शाबूत होता. सगळं हॉटेल वळून पाहू लागलं.

"द्या हो आजी, एखादा तुकडा," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "या वयात कसलं आलंय पथ्य?"

"पथ्य नाही, आजार आहे. गव्हाने त्यांची आतडी सोलवटतात."

"अहो, आम्ही जन्मभर गहूच खातोय." एवढं बोलून बाईंनी आपली लोण्याची वाटी उचलली आणि कंडक्टरसाहेबांच्या पुढ्यात आणून ठेवली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली.

ज्याचं जळतं त्याला कळतं. मागच्या वेळी कुणीतरी सूप दाट व्हावं म्हणून चमचाभर मैदा घातला होता. त्या चमच्यापायी कंडक्टरसाहेब आठवडाभर अंथरुणात होते आणि ती चादरी धूत होती. दवाखान्यातल्या नर्सने वर तिलाच सुनावलं होतं, "आजी, लक्ष नको का ठेवायला?" आता पुन्हा तसं झालं, तर या हाताने चादरीही पिळता येणार नव्हत्या.

तिने वेटरला हाक मारली. "भाताचं काय झालं?"

"वेगळ्या भांड्यात लावलाय. तुम्हीच सांगितलंत ना? वेळ लागणार."

कंडक्टरसाहेब थाळीवर चमचा वाजवत होते. मग तोही थांबला. तिने पाहिलं तर ते रडत होते. आवाज न करता, हनुवटी थरथरत.

"मला भूक लागलीय गं," ते म्हणाले.

तिचं अवसानच गेलं. तिने टोपली त्यांच्याकडे ढकलली. "घ्या. खा एकदाचे. मी थकले."

हे ती अगदी मनापासून म्हणाली, आणि त्याचीच तिला भीती वाटली. पण तिचा हात टोपलीकडे परत गेला नाही.

कंडक्टरसाहेबांनी त्यातला मोठा पाव निवडला. मधोमध मोडला. वाफ निघाली. आणि काहीही असो, पहिला अर्धा तिला द्यायचा, या लग्नापासूनच्या सवयीने त्यांनी तिच्यापुढे हात केला. ती त्या तुकड्याकडे बघतच राहिली. इतका मऊ होता तो.

हात अर्ध्यावर थांबला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण तुला चालत नाही," ते म्हणाले.



"ओ वेटर," आवाज थेट शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "ही टोपली उचला. माझ्या बायकोला गहू चालत नाही. एक चमचा पोटात गेला तर आठवडाभर अंथरुणात. डॉक्टरांनी सांगितलंय. आधी सांगून कळत नाही का तुम्हाला?"

गेली कित्येक वर्षं तीच हे बोलत आली होती. शब्दन् शब्द तिचा होता.

"मग आजोबा, तुम्ही तरी घ्या," शेजारच्या बाई म्हणाल्या.

"हिच्यासमोर? हिला भूक नाही का?" त्यांनी दोन्ही अर्धे टोपलीत टाकले.

वेटर टोपली घेऊन गेला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तिचे डोळे टोपलीमागे गेले.

टेबलावर तिच्या बाजूला चुरा सांडला होता. कंडक्टरसाहेब पुढे वाकले आणि बोटाच्या टोकाने एकेक कण टिपू लागले. "हलू नकोस," ते म्हणाले, "एकही राहायला नको." सगळे टिपून झाले. मग चुऱ्याने माखलेलं ते बोट, कुणाचंही जावं तसं, तोंडाकडे निघालं.

तिने झडप घालून त्यांचा हात धरला.

"सोड की."

"नाही."

पुसायला दुसरा हात धड नव्हता. तेव्हा तिने तो हात तसाच टेबलावर दाबून धरला, बोटांत बोटं अडकवून, घट्ट. भात अजून आला नव्हता.

शेजारच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"बघा," त्या हळूच म्हणाल्या. "शिका काहीतरी."