एका मिनिटाचा डाव

“हा शेवटचा,” म्हातारा म्हणाला. “हरलो की खातंच बंद करून टाक.”

“आधी हरा तरी,” म्हणत म्हातारीनं माऊसवर हात ठेवला.

दुपार कलली होती. शिवणयंत्र झाकलेलं होतं, तरी कापडाचे बारीक तंतू खोलीभर तरंगत होते. उन्हाच्या पट्ट्यात शिरले की ते दिसत आणि पुन्हा नाहीसे होत.

उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला त्याचा हात आता थरथरायचा. संगणकावरच्या पटावर घोडा हलवायला जावं तर शेजारचा उंटच हलायचा. डोकं मात्र शाबूत होतं, आणि त्या डोक्याला आवडायचा तोही एका मिनिटाचाच डाव: दोघांना एकेक मिनिट, ज्याचं आधी संपलं तो हरला. “डोळ्यानं पाहिलेलं हाताला कळायला माणसाला पापणी लवण्याइतका वेळ लागतो,” तो म्हणायचा. “माझ्या हाताला आता पोस्टानं कळवावं लागतं.”

म्हणून आठवडाभर तो सांगायचा आणि ती हलवायची. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काजं-बटणं करून करून बोटं चलाख झालेली. तरी त्यानं बोलायचं, तिनं ऐकायचं, मग हलवायचं, यातच मिनिट सरायचं. जिंकत आलेले डाव हातचे जायचे. खातं बंद झालं की हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, याची तिला धास्ती होती.

पडद्यावर समोर ‘वावटळ’ नावाचं कुणीतरी खेळायला आलं. घड्याळ पळू लागलं.

पहिल्या काही खेळ्या त्यानं सांगितल्या. मग तो “हत्ती…” म्हणेपर्यंत हत्ती जाऊन बसलाही होता.

“अगं, कुठं ते मी सांगितलंच नाही अजून.”

“बघितलंत की तुम्ही तिकडे.”

पडद्याच्या काचेत त्याचा चेहरा पुसट उमटला होता. जेवताना मीठ मागायच्या आधी त्याची नजर बरणीवर जायची, तशीच ती आता पटावरच्या एखाद्या घरावर जात होती आणि तिथून जिला हलवायचं त्या सोंगटीवर येत होती. इतकी वर्षं हेच तर ती बघत आली होती.

तो बोलायचा थांबला. खोलीत फक्त माऊसची टकटक उरली, तीही कुठून तरी लांबून आल्यासारखी. तिला वाटलं, आपण काहीच करत नाही आहोत, सोंगट्या आपल्याआपण वाट काढत चालल्या आहेत. नकाशावर एका दमात नदी काढताना त्याचा हात असाच जायचा, आणि ती सुईत दोरा ओवायची विसरून बघत राहायची. आत्ता तो हात त्याच्या मांडीवर थरथरत पडला होता. पटावर वजीर सरळ रेषेत गेला, थांबला.

पळणारे आकडे तिला दिसेनासे झाले. तो श्वास घेई तेव्हा तीही घेत होती.

मग पट गोठला. वावटळीचं मिनिट संपलं होतं. त्यांचं थोडं शिल्लक होतं.

“झालं काय?” तिनं विचारलं.

“जिंकलो,” तो म्हणाला.

“मग खातं ठेवायचं ना?”

काचेतली त्याची नजर ‘नवा डाव’वर जाऊन बसली होती. ती गालात हसली.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात वावटळीचा निरोप उमटला: ‘इतक्या झटपट माणूस खेळत नाही. खरं सांग, तू यंत्र आहेस ना?’

म्हाताऱ्यानं काही सांगायला तोंड उघडलं. तोवर म्हातारी एका बोटानं एकेक अक्षर टिपत लिहू लागली होती.

‘नाही. आम्ही दोघं आहोत.’