उलटे वेढे
म्हाताऱ्याने जुन्या मोटरसायकलची बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला, शेवटी चार्जिंगची कॉईलसुद्धा नवी घातली. तरी बॅटरी दोन दिवसांत मान टाकायचीच. मुलगा दारातून दरवेळी तेच ऐकवायचा, “बाबा, नजर गेलीय तुमची. कुणाला तरी उडवाल. भंगारात काढा ती.” आज म्हाताऱ्याने बोटांनी चाचपत सीटखालच्या चार्जिंगच्या वायरीवरची टेप सोलली. तिचे वेढे उलटे होते आणि आतली वायर पकडीने कापलेली होती. “उंदराने कुरतडली असेल,” मुलगा म्हणाला. “आणि वर टेपही त्यानेच लावली वाटतं!” म्हाताऱ्याने वायर जोडली आणि टेपचं रीळ मुलाच्या अंगावर फेकलं. “गुंडाळ.” घरात डावखुरा मुलगा एकटाच. त्याने दातओठ खात टेप गुंडाळली. म्हाताऱ्याने तिच्यावरून बोट फिरवलं. वेढे पुन्हा उलटेच लागले. “नजर गेलीय माझी,” तो मुलाकडे न बघता म्हणाला, “बोटं नाही गेली.”