न कुरकुरणारं गिऱ्हाईक

जीवनने या खेपेलाही भाव पाडून मागितला नाही, आणि शालोम नवगावकरांना ते खटकलं.

रोडपालीच्या त्यांच्या छोट्या गोदामात इंडोनेशियाहून आलेली हुक्क्याच्या कोळशाची खोकी रचून ठेवली होती. नारळाच्या करवंटीचा कोळसा, बर्फीसारख्या चौकोनी वड्या पाडलेला. आधी आलेला नमुना झकास होता, राख पांढरीशुभ्र. प्रत्यक्षात आलेला माल मात्र पेटताना तडतडत होता आणि राख काळपट पडत होती. तिकडच्या पुरवठादाराने सरळसरळ टोपी घातली होती. शालोमनी हे जीवनला आपणहून सांगितलं. तो म्हणाला, "चालंल काका, आमाला चालतो," आणि खोकी उचलायला लागला.

शालोमचं सारं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं. धंद्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण वाईट माल बघून न कुरकुरणारं गिऱ्हाईक जगात नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

हा धंदा त्यांनी हट्टानेच काढला होता. त्यांच्या बेने इस्राएल समाजातली निम्म्याहून जास्त घरं केव्हाच इस्राएलला गेली. मुलगा रोनेनही तिकडे अश्दोदला जाऊन बसला आणि आईबाबांनी कायमचं तिकडेच यावं म्हणून मागे लागला. शालोमना पनवेल सोडवत नव्हतं. शेवटी त्यांनी शब्द दिला, की मला एक धंदा करून बघू दे, नाही चालला तर मुकाट्याने येतो. हुक्क्याचा कोळसा कुणीतरी सुचवला आणि त्यांनी मागवला. पहिला माल आला, त्याच आठवड्यात हा जीवन छोटा हत्ती टेम्पो घेऊन दारात हजर. तेव्हापासून सगळा माल तोच नेई. धंदा चालत होता, म्हणून जाणं टळत होतं.

याचं त्यांना सुखही होतं आणि मनातून लाजही वाटत होती, ती बायकोपायी, बथशेबापायी. तिचा जीव नातवंडांकडे लागलेला. व्हिडिओवर ती रोज त्यांना "येतो रे, येतो" म्हणायची. रेवदंड्याच्या माहेरच्या वाडीतला आपला वाटासुद्धा तिने विकून टाकला होता. आता इथे ठेवून काय करायचं, म्हणाली. धंद्याबद्दल ती चकार शब्द विचारत नसे. आपल्या हट्टापायी बायको इथे अडकून पडली, हे शालोमना खात होतं.

शेजारच्या कमळाकरचं सगळं आयुष्य न्हावाशेवा बंदरात लोकांचा माल सोडवण्यात गेलं होतं. त्याच्याकडे शालोमनी मागच्या खेपेलाच विषय काढला होता. कमळाकरने आधी विचारलं, राज्यात हुक्का पार्लरला बंदी असताना हा एवढा माल जातो कुठे? हैदराबादला, असं जीवन सांगत असे. हे ऐकून कमळाकरने आवाज खाली आणला.

"जो घासाघीस करत नाही, तो कोळसा घेत नाही, शालोमशेठ. खोक्यात आणखी काहीतरी येतंय. कागदावर नाव तुमचं आहे. उद्या काही सापडलं, तर पासपोर्ट जप्त होईल आणि तुम्ही ना इथले राहाल ना तिथले."

त्यानंतर शालोमना प्रत्येक गोष्टीत पाणी मुरताना दिसू लागलं. जीवनने मालकाचं नाव कधीच सांगितलं नव्हतं. पैसे मात्र माल उचलायच्या आधीच रोखीने खात्यात जमा होत. आणि शनिवारी शालोम शब्बाथ पाळतात, फोनला हात लावत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं होतं? एकाही शनिवारी त्याचा फोन आला नव्हता. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे, या विचाराने त्यांची झोप उडाली.

म्हणून आज छोटा हत्ती भरून निघाला तसे शालोम रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला त्याच्या मागे राहायला सांगितलं. हैदराबादला जातो म्हणून सांगितलेला माल माथेरान रोडला लागला आणि सुकापुरात एका इमारतीखालच्या गाळ्यासमोर थांबला. जीवनने शटर वर केलं.

शालोम थेट आत शिरले. आत भिंतीला लागून, पार छतापर्यंत, त्यांचीच खोकी होती. अगदी पहिल्या खेपेपासूनची, एकाचीही पट्टी सुटलेली नव्हती. त्यांनी घराच्या किल्लीने एक खोकं फाडलं आणि तळापर्यंत हात घातला. कोळसा. दुसरं फाडलं. तिसरं फाडलं. हात काळे झाले, पण कोळशाशिवाय काही निघालं नाही. विकलेला सगळा माल इथे धूळ खात पडला होता, आणि कुणीतरी त्याचे पैसे बिनबोभाट भरत होतं.

"कोण आहे तुझा मालक?" त्यांनी विचारलं.

जीवन खाली बघत राहिला. "नाय सांगता येत, काका. शपथ घातलेली हाय."

शालोम म्हणाले की मग मी पोलिसांना बोलावतो. धंदा गेला तरी बेहत्तर, आजच गुंडाळतो आणि मुलाकडे निघून जातो. साठ वर्षं ज्या गावात काढली ते असं चोरासारखं सोडावं लागणार, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पोलिसांचं नाव ऐकून जीवन घाबरला. त्याने घाईघाईने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि शालोमसमोर धरला. दोन रिंग झाल्या, आणि बथशेबाचा आवाज आला.

"गाळा भरला असेल तर शेजारचा घे रे जीवन, वाडीचे पैसे आहेत अजून, पण यांचा माल पडून राहता कामा नये. मला नाही जायचं पनवेल सोडून."