मुलाखत क्रमांक चौदा

पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होणार होती आणि पाचला सात मिनिटं कमी होती. खिडकीतल्या लेखनिकाने तिच्या प्रबंधाच्या तीन प्रती पुढ्यात ओढल्या आणि पानं तपासायला घेतली. 'परदेशी मदतीचे हातपंप: कागदावर आणि वस्तीत'. दीड वर्षं ती एकटी या विषयामागे हात धुऊन लागली होती. आज राहिलं, की थेट पुढचं वर्ष.

फोन वाजला. वस्तीतल्या मावशी. मदत संस्थेच्या पगारावर पंप दुरुस्त करणाऱ्या. चाळीसपैकी सव्वीस पंप बंद आहेत आणि संस्था त्यांच्याकडून 'चालू' म्हणून सह्या घेते, हे त्यांनीच सांगितलं होतं. अख्खा प्रबंध त्या एका, चौदाव्या मुलाखतीवर उभा होता.

"पोरी, तुझं पुस्तक आमच्या साहेबांकडे जाणार म्हणे?"

"एक प्रत जाते, मावशी. परवानगी त्यांनीच दिली होती ना. पण घाबरू नका, तुमचं नाव बदललंय."

"मग काय घातलंस?"

"पंपवाली."



"अगं, माझं खरं नाव इथे कुणाच्या लक्षात आहे? साहेबसुद्धा मला पंपवालीच म्हणतात. नोकरी जाईल गं माझी. घरात कमावणारी मी एकटी."

ती त्या वस्तीत दोनदाच गेली होती, तीही मावशींच्या खोलीत, दार लावून, कुणाला कळू नये म्हणून. दाराबाहेर त्यांना काय म्हणतात, हे विचारायचं सुचलंच नाही. मोठी शहाणी!

लेखनिकाने शेवटचं पान मिटलं आणि शिक्का शाईत दाबला. एकदा शिक्का बसला की प्रत परत मिळत नाही. चौदावी मुलाखत म्हणजे प्रबंधाचा कणा, एक ओळ हलवू नकोस, असं मार्गदर्शक सरांनी कालच बजावलं होतं. हातातोंडाशी आलेला घास होता तो.

शिक्का खाली आला तेव्हा तिचा पंजा मुखपृष्ठावर होता. 'स्वीकारले' आणि खाली आजची तारीख, दोन्ही तिच्या हातावर उमटलं.

"अहो, हे काय?" लेखनिक वैतागला. "वर्ष जाईल तुमचं."

तिने तिन्ही प्रती छातीशी ओढल्या.

"जाऊ दे. माझंच जाईल."