तिसरी पट्टी

दुपारी घाटनांदूरच्या खळ्यात बन्सीगुरुजींनी रिमोटचं हेलिकॉप्टर खुंटीला बांधलं, म्हणजे पाती फिरतील पण ते उडणार नाही. महिनाभर खपून आजोबा-नातीनं ते जुळवलं होतं. एका पात्याच्या टोकाला लाल पट्टी, दुसऱ्याच्या टोकाला निळी. फिरताना दोन्ही रंग एकाच रेषेत दिसले की जुळणी नीट झाली.

आठ वर्षांची प्रज्ञा चार पावलांवर, कोपरांवर रेलून पालथी पडली होती. नजर पात्यांच्या उंचीला हवी, म्हणून गुरुजींनीच तिला तसं झोपवलं होतं.

"लाल-निळी एका रेषेत हायेत, आबा. पांढरी तेवढी वर हाय."

"पांढरी आपण लावलीच न्हाई, येडे."

त्यांनी मोटर थांबवली. पाती दोनच होती. पुन्हा सुरू केली.

"आता ती माझ्याकडं सरकली."

गुरुजींनी मोटर बंद केली, धावत जाऊन बॅटरीच उपसून काढली. दोन्ही पाती थांबली. वारा पडलेला होता, बांधावरची कडब्याची गंजीसुद्धा सळसळत नव्हती.

"ऊठ, प्रज्ञे. लवकर!"

"कशी उठू, आबा?" तिची बट कपाळावर फडफडत होती. "ती माझ्या डोक्यावर फिरतीय."