लख्ख

सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलचा दिवा मिणमिणायचा, म्हणून नवरा महिनाभर जिन्याखाली ठाण मांडून बसला होता. गंजलेल्या वायरी बदलल्या, बॅटरी नवी आणली, वर एलईडी बसवला. मोबाईलचा टॉर्च धरून हात अवघडलेल्या तिला या कौतुकाचा वीट आला होता. जिन्यातला बल्ब कधीचा गेलेला. "ते माझं काम आहे, तू हात लावू नकोस," म्हणून त्याने तसाच ठेवलेला. तिथेच घसरून पडल्याने सासूबाईंचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

शेवटी दिवा लख्ख पेटला. सासूबाई कठडा चाचपत वरून म्हणाल्या, "अरे, तो जरा इकडे वळव. मला पायरी दिसत नाहीये."

त्याने खटकन दिवा बंद केला.

"थांब गं आई. उगाच बॅटरी उतरेल."